मुलाखतीच्या दारातून आत जाताना

भात शिजला की नाही हे पाहावयाचे असले, तर सुगरण बाई सारे पातेले उपसत नाही. पळीने वरचे एक शीत घेते, दोन बोटांत चेपते आणि जाळ ओढून घ्यावा की अजून ठेवावा हे ठरविते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या घराघरांत आहे, आणि भाताच्या बाबतीत ती सहसा खोटी ठरत नाही. कारण एका पातेल्यातली सारी शिते एकाच पाण्यात व एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचे तसे नाही. त्याच्या आयुष्यातील कोणतीही दहा मिनिटे बाकीच्या आयुष्यासारखी असतीलच असे नाही. तरीसुद्धा नोकरीच्या मुलाखतीत माणसाची परीक्षा नेमकी याच रीतीने होते. दार उघडते, उमेदवार आत येतो, आणि तो खुर्चीवर बसण्यापूर्वीच मेजापलीकडच्या गृहस्थांनी मनातल्या मनात एक शीत चेपून पाहिलेले असते.

हा विषय आज निवडण्याचे कारण उघड आहे. पदवी, डिप्लोमा अथवा आय. टी. आय. पूर्ण करून नोकरीच्या शोधात असलेली मुलेमुली आता आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. वर्तणुकीचा दाखला मागावयास ती आमच्या दारी येतात. त्यांच्या हातात गुणपत्रके असतात, अंगात कष्टाची सवय असते; परंतु “मुलाखतीत काय बोलावे?” हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली जातो. त्या खाली गेलेल्या आवाजासाठी हे चार शब्द.

आपल्या भागाची अडचण

पैनगंगेच्या अलीकडचा आपला भीमपूर मंडल 2016 च्या ऑक्टोबरात, तेलंगणातील जिल्ह्यांची व मंडलांची फेररचना झाली त्या वेळी, अस्तित्वात आला. नदीपलीकडे महाराष्ट्र. 1956 साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपली गावे इकडे राहिली. त्याचा परिणाम असा की आपल्या मुलाच्या तोंडी घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी असते. शेजारी गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे असल्यामुळे पुष्कळांना त्या भाषाही कळतात. एवढ्या भाषांत वाढलेला हा मुलगा मुलाखतीच्या दारात मात्र मुका होतो. कारण यांपैकी एकही भाषा आपण ‘साहेबांसारखी’ बोलत नाही, ही बोच त्याच्या मनात असते.

त्यात खर्चाची चिंता. हैदराबादला जावयाचे म्हणजे तीनशे किलोमीटरांचा प्रवास, दोन दिवसांचा खाडा, आणि बहुधा कापसाच्या पट्टीतून काढून दिलेले पैसे. ज्या घरात पहिलाच मुलगा पदवीधर झाला आहे, त्या घरात ही मुलाखत एकट्या मुलाची नसते. आईबापही मनाने त्याच्याबरोबर त्या खोलीत जातात. शहरातील सुशिक्षित घरच्या मुलाला नाकारले तर तो दुसरा अर्ज करतो. आपला मुलगा नाकारला गेला, तर शिक्षणाचा काही उपयोग नाही असे पाठच्या भावंडांना वाटू लागते. म्हणून ही दहा-पंधरा मिनिटे आपल्याकडे फार महाग आहेत.

पहिले मत कसे बनते

पहिल्या नजरेचा पगडा मनावर किती लवकर बसतो, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरोव्ह या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग केले आणि ते 2006 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी अनोळखी माणसांचे चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच वेळ दाखविले आणि हा माणूस विश्वासू वाटतो काय, कर्तबगार वाटतो काय, असे विचारले. सवडीने पाहणाऱ्यांनी जी मते दिली, त्यांच्याशी ही क्षणार्धातील मते पुष्कळशी जुळली. अधिक वेळ दिल्यावर मत फारसे पालटले नाही. वाढला तो मुख्यत्वे स्वतःच्या मतावरचा विश्वास!

याहून जुना प्रयोग सॉलोमन ॲश यांचा आहे. 1946 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. एका गटाला एका माणसाचे वर्णन असे ऐकविले : बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने ऐकविले. माणूस तोच आणि गुणदोषही तेच. परंतु ज्यांनी ‘बुद्धिमान’ हा शब्द आधी ऐकला त्यांना तो माणूस एकंदरीने चांगला वाटला, आणि ज्यांनी ‘मत्सरी’ हा शब्द आधी ऐकला त्यांना तो तितका बरा वाटला नाही. आधी आलेला शब्द पुढच्या शब्दांना आपला रंग देतो. त्याच्याही आधी, 1920 साली, थॉर्नडाइक यांनी दाखवून दिले होते की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देताना एका गुणाची छाया दुसऱ्यावर पाडतात. जो दिसावयास रुबाबदार, तोच त्यांना बुद्धिमान आणि कर्तव्यदक्षही वाटतो.

परंतु यावरून हातपाय गाळण्याचे कारण नाही. मुलाखतीचा निकाल पहिल्या मिनिटातच लागतो, ही समजूत खरी नाही. सुमारे सातशे मुलाखती तपासून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पहिल्या मिनिटातच निर्णय झाला अशा मुलाखती शंभरात पाचच्या आसपास होत्या, आणि पहिल्या पाच मिनिटांत निर्णय झालेल्या तीसच्या आसपास. म्हणजे बहुसंख्य ठिकाणी पाच मिनिटांनंतरही दार उघडेच होते. सुरुवात अडखळली तरी शेवट सावरता येतो, ही गोष्ट प्रत्येक उमेदवाराने गाठीस बांधून ठेवावी.

कायद्याने काय म्हटले

मुलाखतीत अन्याय होऊ शकतो, हे आपल्या देशातील न्यायालयांनीही मान्य केले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तेथे लेखी परीक्षेस 100 गुण आणि मुलाखतीस 50 गुण होते. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटे चालली आणि वडील कोण, राहणार कोठचे, असल्याच प्रश्नांत संपली, अशी तक्रार होती. 13 नोव्हेंबर 1980 रोजी दिलेल्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी, अशा निवडीत मुलाखतीस एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हे मनमानीचे ठरेल, असे सांगितले. दोन-तीन मिनिटांत माणसाची पारख होत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

पुढे केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या खालच्या श्रेणीच्या पदांसाठी, म्हणजे ‘क’ व ‘ड’ गट आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित जागा यांसाठी, मुलाखत बंद केली. तेलंगणा सरकारनेही 2022 साली गट-1 व गट-2 या सेवांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली. आपल्या मुलांनी हे नीट समजून घ्यावे. कारण “सरकारी नोकरी वशिल्याच्या मुलाखतीनेच मिळते” असे सांगून त्यांना अभ्यासापासून परावृत्त करणारे लोक गावोगाव भेटतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखत अजून आहे. परंतु तेथेही 2025 गुणांपैकी तिच्या वाट्यास 275 येतात आणि बाकीचे 1750 लेखी उत्तरांचे असतात. खासगी कंपन्या, बँका, इस्पितळे, शाळा, दुकाने यांत मात्र मुलाखत हाच मुख्य दरवाजा आहे, आणि आपल्या बहुतेक मुलांना त्याच दरवाजातून आत जावयाचे आहे.

एकच माणूस, तीन पहिल्या भेटी

पहिल्या छापेची शक्ती आणि तिची मर्यादा ही दोन्ही एकाच चरित्रात पाहावयाची असतील, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तरुणपणाची वर्षे आठवावी.

1907 साली ते मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च वडिलांना झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले. भीमरावांनी त्यांची चांगली उत्तरे दिली. महाराजांचे समाधान झाले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच परिचयातून पुढे 1913 साली अमेरिकेतील शिक्षणाची वाट मोकळी झाली. ही झाली पहिली भेट. तीत यश आले ते पोशाखामुळे किंवा घराण्यामुळे नव्हे. रात्रंदिवस केलेले वाचन पाठीशी होते, आणि मुलास दारापर्यंत नेणारा एक सद्गृहस्थ भेटला होता.

दुसरी भेट 1917 सालची. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. या वेळी गुणवत्ता कितीतरी अधिक होती. परंतु ते कचेरीत शिरण्यापूर्वीच त्यांची जात तेथे पोहोचली होती. शिपाई हातात कागद न देता लांबून टाकीत. राहावयास जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तेथूनही त्यांना घालवून दिले गेले. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. काही ठिकाणी माणूस दिसण्याआधीच त्याच्याविषयीचे मत तयार असते, आणि तेथे दोष उमेदवाराचा नसतो, हे या दुसऱ्या भेटीवरून कळते.

तिसरी भेट मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील. 1918 च्या नोव्हेंबरात ते तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा 450 रुपये. हा मनुष्य काय शिकविणार, असा भाव आरंभी विद्यार्थ्यांच्या मनात होता. परंतु व्याख्याने सुरू झाली, आणि लवकरच दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. येथे पहिले मत कामाने खोडून काढले.

तरुण मित्रहो, या तिन्ही भेटी तुमच्याही वाट्यास येतील. एखादे दार तुमच्या तयारीमुळे उघडेल, एखादे काही अपराध नसता बंद होईल, आणि एखाद्या दारात तुमच्याविषयी शंका घेणारे लोक पुढे तुमच्या कामाची वाखाणणी करतील. म्हणून तयारी करणे हे तुमचे कर्तव्य; नकाराने स्वतःला कमी लेखणे हे मात्र तुमचे कर्तव्य नव्हे.

तयारी कशी करावी

मुलाखतीची तयारी आदल्या रात्री सुरू होत नाही. ज्या संस्थेत जावयाचे ती काय करते, तिचे काम कोठे चालते, आपल्याला नेमके कोणते काम करावे लागेल, याची माहिती आठ दिवस आधी काढावी. “आमच्याकडेच का आलात?” या प्रश्नाला “नोकरीची गरज आहे” हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. गरज सर्वांनाच असते. या कामाला मी कसा उपयोगी पडेन, हे सांगता आले पाहिजे.

कागदपत्रे एका फायलीत क्रमाने लावावी : दहावीचा मेमो, इंटरचा, पदवीचा, टी. सी., जातीचा अथवा रहिवासाचा दाखला, आधार, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. मी-सेवेतून काढावयाचा दाखला शेवटच्या दिवसावर टाकू नये. मागितलेला कागद पहिल्याच हिसक्यात हाती आला, तर उमेदवार व्यवस्थित आहे हे न बोलता कळते. दहा पिशव्या चाचपून तो काढला, तर जे कळावयाचे ते कळते.

कपडे नवे नसले तरी चालतील. स्वच्छ, इस्त्री केलेले आणि अंगास नीट बसणारे असावेत. उसना कोट घालून अवघडून बसण्यापेक्षा स्वतःचा साधा सदरा बरा. नखे कापलेली, केस विंचरलेले, पादत्राणे पुसलेली असावीत. उंची अत्तराचा भपकारा नको. या गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत, लक्ष लागते. आणि पाहणारा तेच पाहत असतो.

वेळेपूर्वी निदान अर्धा तास पोहोचावे. हैदराबाद किंवा नागपूर गाठावयाचे असेल तर आदल्या दिवशीच निघावे. रात्रभर बसमध्ये जागून सकाळी आलेला चेहरा सहज ओळखू येतो. दारावरचा शिपाई आणि टेबलावरची बाई यांच्याशीही आदराने बोलावे. पुष्कळ ठिकाणी त्यांना नंतर विचारले जाते. आणि न विचारले तरी आदर हा काही मुलाखतीपुरता घालावयाचा सदरा नव्हे.

आत जाताना परवानगी घ्यावी, सर्वांना नमस्कार करावा, सांगितल्यावर बसावे. मोबाइल बंद करून ठेवावा. जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे पाहून बोलावे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणे ही मर्यादा समजली जाते, आणि ती चांगलीच आहे. परंतु मुलाखतीच्या खोलीत तिचा अर्थ ‘हा घाबरला’ किंवा ‘हा काहीतरी लपवितो’ असा लावला जातो. नजरेस नजर देणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

भाषेविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. मोडक्या इंग्रजीत पाठ केलेले भाषण म्हणून दाखवू नये. इंग्रजी अडत असेल तर “हे उत्तर मी तेलुगूत किंवा हिंदीत दिले तर चालेल काय?” असे नम्रपणे विचारावे. पुष्कळ वेळा चालते. चार भाषा कळणे हा दोष नाही, ती मिळकत आहे. सीमेवरच्या जिल्ह्यात ज्या बँकेला, इस्पितळाला किंवा खतांच्या कंपनीला ग्राहकांशी बोलावयाचे आहे, तिला असाच माणूस हवा असतो. ही गोष्ट आपणच ठामपणे सांगितली पाहिजे. कारण बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, हे आपल्या म्हाताऱ्यांना केव्हाच ठाऊक होते.

अनुभव विचारला तर “काही नाही” म्हणू नये. ज्याने कापूस वेचणाऱ्या वीस बायांचा हिशेब ठेवला, ज्या मुलीने आजारी आईचे घर सांभाळून परीक्षा दिली, ज्याने गावच्या बचत गटाचे पासबुक लिहिले, त्याला अनुभव आहे. फक्त तो नेमकेपणाने सांगावा : काय काम होते, अडचण कोणती आली, आपण काय केले, शेवट काय झाला. असे एक खरे उदाहरण “मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे” या वाक्याच्या दहापट वजनाचे असते.

उत्तर येत नसेल तर “मला हे माहीत नाही, पण शिकून घेईन” असे सरळ सांगावे. थाप मारू नये. पुढच्याच प्रश्नात ती उघडी पडते, आणि मग आधीची खरी उत्तरेही खोटी वाटू लागतात. उठताना आभार मानावे आणि दार हलके लावून घ्यावे.

2020 च्या करोनाच्या साथीपासून कित्येक मुलाखती मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागल्या आहेत. तेथे प्रकाश पाठीमागून नव्हे, समोरून येईल असे बसावे. फोन हातात न धरता टेकवून ठेवावा. जेथे नेटवर्क खात्रीचे आहे अशी जागा आधीच पाहून ठेवावी, मग त्यासाठी आदिलाबादला नातेवाइकाकडे जावे लागले तरी हरकत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मुलाखतीपूर्वी किंवा नंतर कोणी ‘ठेव’, ‘गणवेशाचे पैसे’ अथवा ‘साहेबांचा चहा’ म्हणून पैसे मागू लागला, तर तो नोकरी देणारा नव्हे, लुबाडणारा समजावा; मूळ प्रमाणपत्रेही कोणाच्या ताब्यात ठेवू नयेत. आणि आमच्या मुलींना “लग्न केव्हा करणार? मग नोकरी सोडणार काय?” असे विचारले गेले तर त्यांनी रागावू नये, रडू नये, “या कामाची जबाबदारी मी समजून घेतली आहे, आणि ती पार पाडीन” एवढे शांतपणे सांगून थांबावे. जात, धर्म, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे सोळावे कलम सांगते. मेजापलीकडच्या लोकांना हे ठाऊक असतेच. मुलीलाही ठाऊक असावे.

मेजापलीकडच्यांस विनंती

या साप्ताहिकाच्या वाचकांत शाळा, दवाखाने, दुकाने व संस्था चालविणारी मंडळीही आहेत. त्यांना एक सांगणे आहे. उमेदवारांशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारून केलेल्या निवडीपेक्षा, सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण लिहून केलेली निवड अधिक बिनचूक ठरते, असे अनेक दशकांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. यासाठी लागतो एक कागद आणि थोडा संयम. शमुवेल संदेष्ट्यालासुद्धा इशायाच्या थोरल्या मुलाची उंची आणि चेहरा पाहून हाच तो राजा असे वाटले होते. निवड मात्र रानात मेंढरे राखणाऱ्या धाकट्याची झाली. संदेष्ट्याची नजर चुकली, तेथे आपण आपल्या पहिल्या नजरेवर किती विसंबावे?

आणि आईबापांनो, मुलगा मुलाखतीहून परत आला की “झाले काय? मिळाली काय?” हे दोनच प्रश्न विचारू नका. कोणते प्रश्न विचारले, कोठे अडले, पुढच्या वेळी काय सांगशील, असे विचारा. त्याला जेवू घाला, आणि जे अडले ते वहीत लिहून ठेवावयास सांगा. अशी दोन-तीन मुलाखतींची वही ज्याच्याजवळ तयार झाली, तो चौथ्या दारात गेल्यावर पहिल्यासारखा घाबरणार नाही. त्याच्या पाठच्या बहिणीलाही ती वही उपयोगी पडेल.